हिऱ्यातील क्यूबिटांवर काम सुरू करताना

क्वांटम नेटवर्कच्या कामात नव्याने येणाऱ्यांचे लक्ष बहुधा क्यूबिट (क्वांटम माहितीचे एकक) किती काळ टिकतो याकडेच असते. माझा सल्ला असा, की आधी फोटॉनचा, म्हणजे प्रकाशकणांचा, हिशेब मांडायला शिका. हिऱ्यातील नायट्रोजन-रिक्तता केंद्रातून (कार्बनच्या एका अणूजागी नायट्रोजन आणि शेजारची जागा रिकामी, असा स्फटिकातील दोष; क्यूबिट यातच साठवतात) निघणाऱ्या प्रकाशापैकी जेमतेम ३ टक्के भाग ६३७ नॅनोमीटरच्या शून्य-फोनॉन रेषेत (स्फटिकाला कंपन न देता निघणाऱ्या प्रकाशात) असतो आणि दूरच्या दोन केंद्रांत एन्टँगलमेंट, म्हणजे त्यांच्या अवस्थांची क्वांटम गुंफण, घडवण्यासाठी तेवढाच उपयोगी पडतो. त्यातही साध्या फायबरमध्ये या प्रकाशाची दर किलोमीटरला सुमारे ८ डेसिबल गळती होते, म्हणजे सहा फोटॉनांपैकी जेमतेम एक पोहोचतो. म्हणूनच लांब पल्ल्यासाठी तरंगलांबी, फायबरमधली गळती कमी असते अशा दूरसंचाराच्या पट्ट्यात बदलून घ्यावी लागते. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे २०१५ मध्ये १.३ किलोमीटर अंतरावरील हिऱ्यांवर बेल चाचणी (एन्टँगलमेंट खरी आहे का हे तपासणारा प्रयोग) झाली, तेव्हा २४५ यशस्वी फेऱ्यांसाठी सुमारे २२० तास मोजमाप करावे लागले. धीर याच हिशेबातून येतो.

सिलिकॉन-रिक्तता केंद्राचा मोह तुम्हाला पडेल, आणि तो रास्तच आहे: सममित रचनेमुळे ते भोवतालच्या विद्युत गोंगाटाला फारसे बधत नाही, त्यामुळे नॅनोपोकळीत (प्रकाश कोंडून ठेवणाऱ्या अतिसूक्ष्म रचनेत) चांगले बसते. मात्र त्याची स्पिन-अवस्था (जिच्यात क्यूबिटची माहिती असते) टिकवण्यासाठी साधारण ०.१ केल्विनपर्यंत उतरावे लागते, तर नायट्रोजनचे केंद्र ४ केल्विनलाही उत्तम चालते. इतके खाली नेणारे शीतयंत्र, म्हणजे डायल्यूशन रेफ्रिजरेटर, हाताशी नसेल, तर हा वाद तिथेच मिटतो.

शेजारच्या कार्बन-१३ अणुकेंद्रांना स्मृती म्हणून जरूर वापरा. फक्त एन्टँगलमेंटच्या प्रत्येक फसलेल्या प्रयत्नागणिक ती स्मृती किती झिजते, हे सुरुवातीलाच मोजून ठेवा.