वजन, थकवा आणि ऑफिसातला आत्मविश्वास : तुमचे प्रश्न

प्र. वय 42, वजन 104, आयटीत टीम लीड आहे. दुपारच्या मीटिंगला डोळे मिटतात, परवा तर डायरेक्टर बोलत असताना डुलकी लागली. आता टीमसमोर उभं राहायचीच धास्ती वाटते. जाडीमुळे कॉन्फिडन्स गेला का?

मला संशय आहे तो तुमच्या झोपेचा. घोरता का, ते घरच्यांना विचारा, आपलं आपल्याला कळत नाही. शर्टाची कॉलर 17 इंचाच्या वर, सकाळी डोकं जड, रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं, असं असेल तर स्लीप अ‍ॅप्निया तपासायलाच हवा. ह्यात झोपेत घसा आतून मिटतो, ऑक्सिजन खाली जातो, मेंदू दचकून जागा करतो आणि हे रात्रभर चालतं, म्हणजे आठ तास अंथरुणात पडूनसुद्धा झोप झालेलीच नसते. एका पेशंटच्या बायकोने मोबाईलवर रेकॉर्डिंग आणलं होतं, जोरात घोरणं, मग एकदम शांत, मी घड्याळ बघत होते, पंचवीस सेकंद काहीच नाही आणि मग खाडकन श्वास. तो बिचारा वर्षभर स्वतःला आळशी समजत होता! स्लीप स्टडी, म्हणजे झोपेत श्वास आणि ऑक्सिजन मोजायची तपासणी, करून घ्या, गरज पडली तर सीपॅप मशीन लावा, ते मास्कमधून हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवतं, आणि वजन दहा टक्के जरी उतरलं तरी बराच फरक पडतो. तोवर लांबचं ड्रायव्हिंग नकोच.

प्र. मी 38, बँकेत ब्रँच मॅनेजर, वजन 78. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, जरा वजनाचं बघा, कस्टमरवर इम्प्रेशन पडतं." तेव्हापासून ग्रुप फोटोत मी मागेच उभी राहते. दोन जिने चढले की धापही लागते.

वाचून राग आला. साहेबांना एकट्यात गाठून सरळ सांगा, माझ्या कामावर बोला, शरीरावर नको. लाज वाटून वजन उतरत नाही हो, उलट माणूस फिरायला जायचं टाळतो आणि रात्री जास्त खातो, हे मी रोज बघते. धापेचं मात्र मनावर घ्या. आधी सीबीसी (हिमोग्लोबिन कळणारी रक्ताची तपासणी) आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) करा. बायकांचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेलं की तो अ‍ॅनिमिया, आणि कितीतरी जणी आठ-नऊवर घर-ऑफिस दोन्ही ओढतात आणि दमलं की वजनाला बोल लावतात. पाळीत रक्त जास्त जातं का तेही डॉक्टरांना सांगा, आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका, लोह अंगी लागत नाही. छातीत दुखत असेल किंवा पाय सुजत असतील तर मात्र आजच दाखवा.

प्र. मी सडपातळ, 62 किलो, सेल्स हेड. हे सगळं जाड लोकांसाठीच ना?

नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन ह्यांचा फोटो 2004 साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच 22.3, पण शरीरातली चरबी याज्ञिकांची 21.2 टक्के आणि युडकिनांची 9.1! आपल्याकडे बारीक माणसाच्या पोटातही अशी चरबी लपलेली असते. पुरुषाची कंबर 90 सेंमीच्या आत हवी, बाईची 80. पँटचा साईज सांगू नका, पँट आपण पोटाखाली बांधतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड ह्यांच्या मधोमध टेप लावा, श्वास सोडून, पोट आत न ओढता, आणि ह्याच आठवड्यात उपाशीपोटी शुगर तपासून घ्या.