आईला समुद्र दाखवा, पण आधी सोसायटीचं नवं-जुनं करा

पत्र : यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात 8 एकर कोरडवाहू शेती आहे. कापूस, सोयाबीन, तूर घेतो. आई 66 वर्षांची आहे, तिनं समुद्र पाहिलेला नाही. मे महिन्यात आईबाबा, आम्ही दोघं आणि दोन मुलं असे सहा जण 6 दिवस जाणार आहोत. अलिबाग, गणपतीपुळे, तारकर्ली आणि गोवा असा बेत आहे. यातले कोणते किनारे ठेवू? राहणं फुकट आहे, कारण जानेवारीत अमरावतीच्या एका हॉटेलातल्या कार्यक्रमात 25 वर्षांचं हॉलिडे क्लबचं सभासदत्व घेतलं. 45 हजार भरले, 6,200 रुपयांचे 36 हप्ते आहेत आणि वर्षाची देखभाल फी 11 हजार. सहलीसाठी बचत खात्यात 60 हजार ठेवले आहेत. गावच्या सहकारी सोसायटीचं 1 लाख 60 हजारांचं पीककर्ज 31 मार्चला भरायचं आहे, त्यात 50 हजार कमी पडतात, ते दिवाळीनंतर भरीन. 6 क्विंटल तूर भाव वाढेल म्हणून ठेवली आहे.

उत्तर : किनाऱ्यांचं पुढे सांगतो. आज 31 मार्चचं बघू.

तुम्ही सहलीचे 60 हजार एका खात्यात ठेवलेत आणि पीककर्जात 50 हजार कमी पडतात म्हणता. पैसा एकच आहे, तुम्ही त्याला दोन नावं दिलीत. 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं, की केंद्राची 3 टक्के सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळून सोसायटीच्या कर्जावरचं व्याज जवळजवळ शून्यावर येतं. मुदत चुकली की दोन्ही सवलती गेल्या. 1 लाख 60 हजारांवर वर्षाचे 10 हजार इथेच लागले. त्याहून मोठा फटका म्हणजे नवं-जुनं (जुनं कर्ज भरून नवं उचलणं) झालं नाही तर जूनमध्ये नवं कर्ज मिळणार नाही. मग बियाणं, डीएपी खत, फवारणी सगळं कृषी केंद्रातून उधारीवर. 1 लाखाचा माल महिना 2 टक्क्यांनी सहा महिने वापरला, तर आणखी 12 हजार. बचत खात्यातले 60 हजार तोवर 3 टक्केसुद्धा देत नाहीत. त्यातले 50 हजार या आठवड्यात सोसायटीत भरा, भरणा पावती आणि बेबाकी (काही थकबाकी नाही असा) दाखला लगेच घ्या. 30 तारखेच्या रांगेवर ठेवू नका. आणि नवं कर्ज हाती आलं की त्यातला एक रुपयाही सहलीला लावायचा नाही, तो पैसा पेरणीचा आहे.

हे 50 हजार कमी का पडले? जानेवारीत कापूस विकून आलेल्या चुकाऱ्यातले 45 हजार क्लबला गेले म्हणून. ज्याला तुम्ही फुकट म्हणता त्याचा हिशेब करा. भरलेले 45 हजार आणि हप्त्यांचे 2 लाख 23 हजार मिळून 2 लाख 68 हजार. देखभाल फी एक पैसाही न वाढता 25 वर्षं चालली तर 2 लाख 75 हजार, आणि ती वाढतेच. एकूण 5 लाख 43 हजार. वर्षाला 6 रात्री, एकही वर्ष न चुकवता, म्हणजे 150 रात्री. एका खोलीची रात्र 3,600 रुपयांना पडली. तारकर्लीत घरगुती निवासात पंखा-एसीची बरी खोली मे महिन्यात 1,800च्या आसपास मिळते.

क्लबच्या खोलीत बहुधा दोन मोठे आणि दोन मुलं राहतात, तुम्ही सहा जण आहात. दुसरी खोली बाजारभावानंच घ्यावी लागेल. करारात हंगामाचा वर्ग लिहिलेला असतो, तो आधी वाचा. स्वस्त सभासदत्वाला बहुधा पावसाळी हंगाम दिलेला असतो, आणि त्यावर मे महिन्यातली तारीख मागितली तर नकार मिळतो. कार्यक्रमात दोन तास बसवून, भेटवस्तू दाखवून, 'आजच सही केली तरच हा दर' म्हणणाऱ्यांनी कास्तकाराच्या पेरणीच्या पैशाला हात घातला, याचा मला राग येतो.

आता बाहेर पडायचं कसं? रद्द करण्याची मुदत अशा करारांत थोड्या दिवसांची असते, तुमची बहुतेक संपली असेल. तरीही ई-मेल आणि पोहोचपावतीसह स्पीड पोस्टनं सभासदत्व रद्द करून पैसे परत मागा. तोंडी काय सांगितलं होतं (कोणत्याही महिन्यात जा, नको असेल तेव्हा विका) आणि कागदावर काय आहे, हे समोरासमोर लिहा. हप्ता मात्र गुपचूप बंद करू नका. ते कर्ज बहुधा वेगळ्या फायनान्स कंपनीचं असतं, थकलं की सिबिलवर (कर्जफेडीच्या नोंदीवर) उमटतं आणि पुढच्या कर्जाच्या वेळी बँकेला दिसतं. त्या कंपनीकडून आज कर्ज बंद करायला किती लागतील, तो आकडा लेखी घ्या. देखभाल फी अजून भरली नसेल तर वाद मिटेपर्यंत भरू नका.

दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915, आणि मग यवतमाळचा जिल्हा ग्राहक आयोग. 2019च्या कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत 2 वर्षं, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावणं सक्तीचं नाही. पूर्ण पैसे परत येतील असं मी म्हणत नाही. 45 हजार बुडाले आणि उरलेले हप्ते वाचले, तरी तो फायद्याचा सौदा आहे. 'तुमचं सभासदत्व विकून देतो, आधी नोंदणी फी भरा' असे फोन येतील. एक रुपयाही देऊ नका.

तूर विका. 7 हजार भाव धरला तरी 42 हजार होतात. महिना 6,200 रुपयांचा हप्ता डोक्यावर असलेल्या माणसानं तुरीच्या भावाची वाट पाहत बसू नये. त्या पैशात सहल बसते, आणि आईसाठी ती व्हावी असं मलाही वाटतं.

किनारा एकच धरा, मालवण-तारकर्ली. अलिबागहून तिथे चारशेच्या आसपास किलोमीटर आहेत. चार ठिकाणं सहा दिवसांत म्हणजे आईबाबांचा मुक्काम गाडीतच. गणपतीपुळ्याला देवळासमोरचा किनारा सुंदर, पण तिथे पाण्याला ओढ आहे, माणसं बुडालेली आहेत. गोवा खर्चामुळे गाळा.

नागपूर-मडगाव विशेष गाडी बडनेरा, अकोल्यावरून कुडाळला जाते. विशेष गाडीची मुदत वाढवत नेतात, म्हणून चालू आहे का ते आधी बघा. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. कुडाळहून मालवण 30 किलोमीटर. हिशेब असा: गाडीभाडं 10 हजार, दोन खोल्या चार रात्री 14 ते 15 हजार, जेवण 9 हजार, कुडाळचं वाहन आणि होडी मिळून 6 हजार. एकूण 40 हजार.

आईला आणि मुलांना मालवणचा चिवला किनारा दाखवा, अर्धचंद्राकार आणि उथळ आहे. तारकर्लीचा किनारा लांब, सकाळी चालायला छान. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तो संगम होडीतून बघा, पाण्यात उतरू नका. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी मालवण जेट्टीवरून सुटते, चढताना आईचा हात धरा.

पोहणं धरणातल्या पाण्यावर जमलं म्हणून समुद्रावर जमत नाही. भरती चढत असताना गुडघाभर पाण्यात राहा, ओहोटीला आत जाऊ नका. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, अमावास्या-पौर्णिमेला पाणी जास्त चढतं. खेचलं गेलात तर किनाऱ्याकडे न झगडता किनाऱ्याला समांतर पोहून बाजूला या. 5 ते 20 मेच्या दरम्यान जा. मे अखेरीस पावसाळ्यासाठी जलक्रीडा आणि किल्ल्याच्या होड्या बंद होतात.