पखवाज खाली ठेवलाय, तो कधी उचलू?

प्रश्न : मी म्हार्दोळजवळच्या एका वाड्यावर राहतो. वय 57. तीस वर्षं भजनात पखवाज वाजवला आणि त्यातली वीस वर्षं दारू प्यालो. बायकोचे दागिने गेले, थोरल्या मुलीनं बोलणं टाकलं. आता 14 महिने थेंबही घेतलेला नाही, पण पखवाजालाही हात लावलेला नाही. देवळाबाहेरूनच हात जोडून परततो. आता शेजारची बाई मागे लागलीय. तिचा 26 वर्षांचा मुलगा पितो, त्याला चार शब्द सांगा म्हणते. भंगलेली मूर्ती देव्हाऱ्यात ठेवत नाहीत, मग मी कुठल्या तोंडानं सांगू? आधी देवाला प्रसाद लावून, म्हणजे मूर्तीला पाकळ्या चिकटवून कौल घ्यावा म्हणतो.
– एक पखवाजवाला, अंत्रुज महाल (फोंडा), गोवा

उत्तर : पखवाजवाले बाब,

प्रसाद जरूर लावा, पण ‘मी आता चांगला झालो का’ हे पाकळीला विचारू नका. उजवी पडली तर तुम्ही फुशारणार, डावी पडली तर सरळ तावेर्नात, दारूच्या गुत्त्यात जाणार. एवढ्याशा पाकळीवर एवढं ओझं कशाला?

तुमचं मूर्तीचं वाक्य मात्र दोन दिवस डोक्यातून गेलं नाही. नियम खरा आहे. टवका उडालेला बाळकृष्ण माझ्या आईनं विहिरीत सोडलेला मला आठवतो. पण त्याच आईचा डावा हात लहानपणी चुलीवर भाजून आखडला होता आणि आमच्या घरची पूजा जन्मभर तिनंच केली. तिला देव्हाऱ्यासमोरून कुणी उठवलं नाही. आणि तुम्ही बाहेरून नमस्कार करता ती म्हाळसा देवी तरी मूळची म्हार्दोळची कुठे? सोळाव्या शतकात फिरंग्यांनी, म्हणजे पोर्तुगिजांनी देवळं मोडायला घेतली तेव्हा ती वेर्ण्याहून आली, मंगेश कुशस्थळीहून, शांतादुर्गा केळोशीहून. घरदार मोडल्यावर जुवारी नदी ओलांडून तुमच्या अंत्रुज महालात आलेले हे देव. त्यांच्यासमोर जाऊन बसायला तुम्ही लाजता!

आता माझं सांगते. मी सरकारी इस्पितळात 31 वर्षं नर्स होते. दारूनं पोट फुगलेले, डोळे पिवळे झालेले कितीतरी जण माझ्या हाताखालून गेले. त्यांच्या बायकांना मी धीर द्यायचे. माझा सख्खा भाऊ मात्र एका गणेशचवथीला झोकांड्या खात दारात आला, तेव्हा गणपतीवर फळंपानं बांधलेल्या माटोळीखाली सासरची माणसं बसली होती. मी त्याला उंबरठ्यावरूनच परत लावला. नेवऱ्या (करंज्या) पिशवीत घालून दिल्या, वर दार लावून घेतलं. दोन वर्षांनी तो गेला. त्यानंतर मला किती जणांनी किती समजावलं, त्यातलं एक अक्षर लक्षात नाही. पिणाऱ्यांच्या घरच्यांची बैठक एका चॅपेलमागच्या खोलीत भरायची, तिथे गेले. शेजारी मासे विकणारी एक बाई होती. माझं ऐकून ती एवढंच म्हणाली, “म्हज्या घरांतूय तेंच.” आणि तिनं अर्धा उंडो, आपला गोल पाव, माझ्या हातात ठेवला. त्या रात्री मी पहिल्यांदा झोपले.

तुम्हाला चार शब्द सापडत नाहीत म्हणता. त्या बाईकडे तीनच होते.

1935 च्या मे महिन्यात अमेरिकेत ॲक्रन गावी बिल विल्सन नावाचा माणूस हॉटेलात एकटा पडला होता. दारू सोडून पाचेक महिने झालेले, ज्या कामाला आला ते फसलेलं, आणि समोर बार. त्यानं चर्चवाल्यांना फोन लावले, मला एखाद्या दारुड्याशी बोलायचंय म्हणून. गाठ पडली डॉक्टर बॉब स्मिथशी. पाव तास देतो म्हणालेला डॉक्टर कितीतरी तास बसून राहिला, कारण समोरचा उपदेश करत नव्हता, स्वतःचंच सांगत होता. त्या भेटीनंतरही डॉक्टर एकदा घसरला, मग 10 जूनपासून कायमची सोडली. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांना धरून राहायची संघटना, तिथून सुरू झाली. बिलनं तो फोन दुसऱ्याला तारायला केला नव्हता, तो स्वतः बुडत होता. शेजारणीच्या मुलाचा तुम्हालाही उपयोग आहे, बाब, तो नाकारू नका. मार्चमध्ये काजूच्या रसाची उर्राक दारू उतरते आणि वाडाभर वास सुटतो, तेव्हा बरोबर कुणीतरी असलेलं बरं.

एक मात्र नर्स म्हणून बजावते. त्याला ‘उद्यापासून बंद’ असं सांगू नका. रोज भरपूर पिणाऱ्यानं अचानक सोडली की आधी हातपाय थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊन माणूस भिंतीवर किडे बघायला लागतो. यात जीव जातो. डॉक्टरच्या औषधाखाली सोडणं वेगळं. त्याला इस्पितळात न्या, वाटेत तुमचं सांगा. दागिन्यांचंही सांगा. 14446 हा सरकारी व्यसनमुक्तीचा फुकट फोन आहे, आईला लिहून द्या. पैसे उसने देऊ नका. तो पुन्हा प्याला तर तुम्ही हरलात असं धरू नका, आणि त्या दिवशी त्याच्याजवळ एकटे बसूही नका.

मुलीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही. ती बोलेल तेव्हा बोलेल.

देवळात जायचं ते भजनालाच जा. वास्कोला नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दामोदराचा सप्ताह बसतो. शंभरावर वर्षांपूर्वी साथीनं गाव हवालदिल झालं, तेव्हा जांबावलीहून श्रीफळ आणून तो सुरू झाला. चोवीस तास भजन तुटत नाही, कारण एका पथकाचा गळा बसला की दुसरं उचलून घेतं. तुमच्या वाड्यावरही पहाटे तीनच्या पाराला, म्हणजे भजनाच्या पाळीला, माणसं कमी पडत असतीलच. तेवढा एक पार मागून घ्या. शेजारणीचा मुलगा बरा होऊन आला तर पखवाजाला लावायची कणीक त्याला भिजवू द्या, सैल झाली तर तुम्ही ओरडा.

आणि पखवाजाच्या वाद्या आधी बघून घ्या. 14 महिने पडून आहे म्हणता, उंदरांनी कुरतडल्या असतील.