देवलापारला मानसिक आरोग्याचं काम सुरू करणाऱ्या मैत्रिणीला

नागपूरहून देवलापारकडच्या गोंड गावांत जाणार आहेस, तर प्रश्नावली सध्या बॅगेतच राहू दे. आधी भुमकाला, म्हणजे गावच्या पुजारी-वैदूला, भेट. त्याला टाळलंस तर तुझ्याकडे कुणी मोकळं बोलणार नाही. मोहाच्या दिवसांत, मार्च-एप्रिलला, शिबिर ठेवूच नकोस. पहाटेपासून बायका फुलं वेचायला रानात असतात. टोपली घेऊन तूही जा, खरं बोलणं तिथंच होतं. ‘उदास वाटतं का?’ असं विचारू नकोस. झोप लागते का, जेवण जातं का, हे विचार, जमेल तितकं गोंडीतून. घरच्यांना भुमकाकडून पूजा करायची तर करू दे, पण फिट येणाऱ्याला, जीव द्यायची भाषा करणाऱ्याला दवाखान्यात न्यायला एक दिवसही लावू नकोस. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य फोन-सेवेचा १४४१६ हा मोफत नंबर गावच्या आशा सेविकेकडे लिहून दे.