मासोळीला लस: बीज सोडण्याआधी वाचा

भाऊ, बोडीत (लहान तळ्यात) पहिल्यांदाच मासोळीचं बीज म्हणजे पिल्लं सोडताय अन् विषाणूच्या रोगांवर लस चालते का, हे आधी विचारताय, फार बरं वाटलं.

लस म्हणजे औषध नव्हे. मासोळी धडधाकट असतानाच ती द्यावी लागते, अन् अंगात ताकद तयार व्हायला काही आठवडे जातात. पाणी गार असेल तर आणखी उशीर. मरतूक लागल्यावर लस शोधून फायदा नाही. एक लस एका ठरावीक रोगापुरतीच असते. चीनमध्ये गवत्या माशाच्या (ग्रास कार्पच्या) रक्तस्रावाच्या विषाणूवर लस आहे, तिचा रोहू-कटल्याला काय उपयोग? ‘सगळ्या विषाणूंवर चालते’ म्हणून कोणी बाटली दाखवली तर घेऊ नका.

नॉर्वेत सालमनला भूल देऊन एकेकाच्या पोटात टोचतात. महाग मासोळीला ते परवडतं. बारक्या पिल्लांना लसीच्या पाण्यात बुडवतात, पण फारच लहान असली तर त्यांचं शरीर दाद देत नाही.

अंगावर लाल चट्टे, जखमा दिसल्या की लगेच विषाणू समजू नका. रोहू-मृगळात असे चट्टे पुष्कळदा बुरशीसारख्या जीवामुळे येतात. त्यावर भुवनेश्वरच्या सीफा या मत्स्य संशोधन संस्थेचं सिफॅक्स नावाचं औषध आहे. तिलापिया माशाचा विषाणू मात्र भारतात 2018 पासून नोंदला गेलाय. त्यावर अँटिबायोटिक चालत नाही, म्हणून तपासलेलंच बीज घ्या अन् नवं बीज काही दिवस वेगळ्या टाक्यात ठेवा. शेजारच्या तलावातलं जाळं न वाळवता आपल्या बोडीत टाकू नका, हे तर कटाक्षानं पाळा.

मासोळी आजारी दिसली तर तपासणीला जिवंतच न्या. सडलेल्या मासोळीतून काहीच कळत नाही.