उंच पर्वतात प्राणावर बेतले, तर दोराचा जोडीदार आपल्याला सोडून जातो का?

पुढील वर्षी मित्राबरोबर हिमालयातील एका शिखरावर जाण्याचा तुमचा विचार आहे, आणि जोडीदाराचा दोर कापल्याची हकीकत वाचल्यापासून तेथे माणसाचा भरवसा धरावा की नाही, असा प्रश्न तुम्हाला पडला आहे. सह्याद्रीतील सुळक्यांवर चढाई केल्यावर आणि उत्तरकाशीला गिर्यारोहणाचा प्राथमिक अभ्यासक्रम केल्यावर माझे मत असे झाले आहे की, या प्रश्नाचे उत्तर अपघाताच्या क्षणी नव्हे, तर त्याच्या कितीतरी आधी ठरत असते.

तुम्ही वाचलेली घटना बहुधा १९८५ सालची, पेरूमधील सिउला ग्रांदे या ६,३४४ मीटर उंचीच्या शिखरावरची असावी. जो सिम्पसन आणि सायमन येट्स हे ब्रिटिश गिर्यारोहक पश्चिम भिंतीने माथ्यावर पोहोचले आणि उतरताना सिम्पसनचा पाय मोडला. येट्सने दोन दोर एकमेकांना जोडून सुमारे तीनशे फुटांचा एक दोर केला. बर्फात खड्डा खणून तो त्यात बसे आणि सिम्पसनला खाली सोडी. दोरातील गाठ बिले प्लेटमधून, म्हणजे दोर अडवून सावकाश सोडण्याच्या चकतीतून, जात नसल्यामुळे ती वर आली की सिम्पसनने धडक्या पायावर उभे राहून दोरावरचा भार काढायचा, येट्सने गाठ पलीकडे घ्यायची आणि पुन्हा सोडायला लागायचे, असे त्यांचे चालले होते. वादळात हाका ऐकू येत नव्हत्या, तरीही शेकडो मीटरचा उतार त्यांनी असा पार केला. मग अंधारात सिम्पसन एका कड्याच्या काठावरून खाली अधांतरी लोंबकळू लागला आणि त्याला भार काढता येईना. तासाहून अधिक वेळ तोलून धरल्यावर, बसायची जागाच ढासळू लागली तेव्हा येट्सने दोर कापला. सिम्पसन हिमभेगेत पडला, पण वाचला, आणि तीन दिवसांहून अधिक काळ सरपटत बेस कॅम्पला पोहोचला. येट्सने केले ते योग्यच होते, असे पुढे सिम्पसननेच वारंवार सांगितले. मोडक्या पायाच्या जोडीदाराला घेऊन येट्स तेथवर उतरला होता, हे मात्र चर्चेत मागे पडते, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

याहून अधिक विचार करण्याजोगी घटना मला १९५३ सालची, के-टू या जगातील दुसऱ्या क्रमांकाच्या उंच शिखरावरची वाटते. चार्ल्स ह्यूस्टन यांच्या नेतृत्वाखालील आठ जण सुमारे ७,७०० मीटरवरच्या छावणीत वादळात अडकले असताना आर्ट गिल्की यांच्या पायात रक्ताच्या गुठळ्या झाल्या आणि ते उभे राहीनासे झाले. ह्यूस्टन स्वतः डॉक्टर होते. रोगी जगण्याची आशा जवळजवळ नाही, हे त्यांना कळत होते. तरीही गिल्कींना मागे ठेवण्याची सूचना कोणी केली नाही. १० ऑगस्टला गिल्कींना स्लीपिंग बॅगमध्ये आणि तंबूच्या कापडात गुंडाळून खाली सोडण्यास सुरुवात झाली. वाटेत जॉर्ज बेल यांचा पाय घसरला, त्यांच्या दोरावरचे स्ट्रीदर ओढले गेले, त्यांचा दोर इतरांच्या दोरांत गुरफटला, आणि पाहता पाहता पाच जण उतारावरून कोसळू लागले. तो सगळा भार, गिल्कींसह, शेवटी २६ वर्षांच्या पीट शोनिंग यांच्या दोरावर आला आणि त्यांनी तो पेलला.

याला कोणी चमत्कार म्हणते, पण त्यात चमत्कारापेक्षा शिस्त अधिक होती. गिल्कींना सोडण्यासाठी शोनिंग यांनी आपली आइस-ॲक्स, म्हणजे बर्फकुऱ्हाड, गोठलेल्या एका खडकामागे बर्फात खोल रोवली होती आणि दोर तिच्यावरून घेऊन स्वतःच्या कमरेभोवती फिरवला होता. नायलॉनचा दोर ताणला गेल्याने हिसक्याचा जोर काहीसा कमी झाला, हेही खरे. परंतु मूळ गोष्ट ही की, एका रुग्णाला सावकाश खाली सोडण्याच्या साध्या कामासाठीही त्यांनी जागा पक्की निवडली होती. गिल्की मात्र वाचले नाहीत. इतर जण तंबू उभारत असताना त्यांना उतारावर आइस-ॲक्सनी बांधून ठेवले होते. साथीदार परतले तेव्हा तेथे कोणी नव्हते. बाकीचे सात जण जिवंत खाली आले.

तेव्हा मित्र तुमच्यासाठी जीव देईल का, याचा विचार करण्यापेक्षा तो बिले कशी देतो, म्हणजे चढणाऱ्याचा दोर कसा सांभाळतो, ते पाहा. सह्याद्रीतील नागफणी, तैलबैला अशा कड्यांवर त्याच्याबरोबर चढा. कंटाळवाण्या अर्ध्या तासातही त्याचा दोरावरचा हात सुटतो का, तुमच्या हार्नेसची (दोर बांधायच्या पट्ट्याची) गाठ आणि कॅराबिनरचे (दोर अडकवायच्या कडीचे) लॉक न सांगता तपासतो का, आणि थकल्यावर थकलो म्हणतो का, हे तेथे कळते. थकवा लपवणारा माणूस कितीही जिवलग असला, तरी त्याच्याबरोबर मी उंचावर जाणार नाही.

विरळ हवेत या खरेपणाला आणखी महत्त्व येते. मेंदूला सूज येऊ लागली की ज्याला ती येते त्याची विचारशक्तीच मंदावते. आपण ठीक आहोत, असे तो ठामपणे सांगतो. एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचा अंगठा लावत सरळ रेषेत चालताना तोल जातो का, हे जोडीदारानेच पाहायचे असते, आणि तसे दिसल्यास ताबडतोब खाली उतरवणे हाच खात्रीचा उपाय होय; औषध आणि ऑक्सिजन फक्त वेळ मिळवून देतात. म्हणून दोघांपैकी एकाने ‘खाली चला’ म्हटले की दुसऱ्याने वाद न घालता उतरायचे, असे घरून निघण्यापूर्वीच ठरवा. शिखर शंभर मीटरवर दिसत असताना हा करार नव्याने करता येत नाही.

आणि शक्य असल्यास दोघेच जाऊ नका. हिमनदीवर दोरावर दोघेच असले आणि एक जण हिमभेगेत पडला, तर दुसऱ्याला त्याचा भार धरून ठेवत त्याच वेळी एकट्याने बर्फात अँकर, म्हणजे दोर बांधायचा पक्का आधार, उभारावा लागतो, आणि ते दमलेल्या माणसाला फार कठीण जाते. दोरावर तिसरा किंवा चौथा असेल, तर एकाने भार धरायचा आणि दुसऱ्याने अँकर लावायचा, अशी कामाची वाटणी होऊ शकते.