पाटीवरचा तो १ म्हणजे लोकसंख्याच

तुम्ही विचारलंत, अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात हायवे १२ वर 'मोनोवाय १' अशी पाटी दिसली, तो १ म्हणजे अंतर की काय? आणि गाव ओस पडलं ते दुष्काळानं का? १ ही लोकसंख्या आहे. दुष्काळ मात्र फार तर अर्धं उत्तर.

आपल्याकडे गाव आधी आणि रूळ मागून, म्हणून तर नाशिकपासून लांब 'नाशिक रोड'. तिकडे उलटं. १९०२ साली फ्रीमाँट, एल्कहॉर्न अँड मिझुरी व्हॅली रेल्वे इथवर आली, तेव्हाच गावाचे प्लॉट पडले. अशा लाइनींवर दर काही मैलांनी स्टेशन असायचं, कारण धान्याची घोडागाडी घेऊन निघालेला शेतकरी दिवेलागणीपर्यंत घरी परतायला हवा. स्टेशन आलं की दुकान, पोस्ट, शाळा, चर्च आलंच. १९३० च्या दशकात मोनोवायमध्ये दीडशेच्या आसपास माणसं होती.

मग ट्रॅक्टर आला. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं, म्हणजे सरकारी जमिनीवर वसून ती कसणाऱ्यांसाठीच्या कायद्यानं, एका कुटुंबाला १६० एकर मिळत. आता एकटा माणूस त्याच्या कितीतरी पट कसू लागला. शेजाऱ्यानं जमीन विकली की शाळेतली दोन-तीन पोरं कमी. त्यात ट्रक आणि चांगला रस्ता, मग बाजार तीस मैलांवर असला तरी कोणाचं अडेना. म्हणजे शेती बुडाली नाही, तिला माणसं कमी लागू लागली. कोकणात घराला कुलूप लागलं की जमीनही पडीक राहते. इथे घरं मोडकळीला आलेली आणि भोवतीची जमीन वापरात, हे मला पहिल्यांदा पचेना.

पोस्ट १९६७ ते १९७० च्या दरम्यान गेलं, शाळा १९७४ मध्ये. २००० च्या जनगणनेत उरले दोघं, रूडी आणि एल्सी आयलर हे नवरा-बायको. २००४ मध्ये रूडी गेले. तेव्हापासून महापौर, कारकून, खजिनदार सगळं एल्सीबाईच. त्यांच्या टॅव्हर्नच्या, म्हणजे बारच्या, दारू परवान्याचा अर्जही त्यांचा आणि मंजुरीही त्यांचीच! रूडींची सुमारे पाच हजार पुस्तकं शेजारच्या खोपटात ठेवून त्यांनी वाचनालय केलं.

आणि हो, २०२० च्या जनगणनेत आकडा २ दिसला तर चक्रावू नका. तिथे कोणी राहायला आलं नव्हतं. व्यक्तीची माहिती उघड होऊ नये म्हणून जनगणना खातं छोट्या गावांच्या आकड्यांत मुद्दाम थोडा फेरफार करतं, त्यात बाईंना कागदावर सोबत मिळाली.